औषधजन्य यकृत-इजा : यंत्र-शिक्षणाद्वारे पूर्वानुमान

एखादे औषध माणसाच्या यकृताला इजा करील काय, याचा अंदाज त्याची रेणवीय संरचना, दैनिक मात्रा व पेशींवरील चाचण्यांचे निष्कर्ष यांवरून, ज्ञात औषधांच्या उदाहरणांतून शिकलेल्या संगणकाकडून (यंत्राकडून) आधीच बांधून घेण्याची पद्धती.

अशी इजा दोन प्रकारची असते. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने होणारी इजा मात्रावलंबी असून तिचा अंदाज बांधता येतो. व्यक्तिविशिष्ट इजा, म्हणजे नेहमीच्या मात्रेतही काही थोड्या व्यक्तींनाच होणारी इजा, विरळ असते. साधारणतः दहा हजार रुग्णांत एखादी वा त्याहूनही कमी. काही हजार रुग्णांवरील चाचणीत ती दिसेलच असे नाही. मधुमेहावरील ट्रॉग्लिटाझोन अमेरिकेत १९९७ मध्ये संमत झाले आणि यकृत निकामी झाल्याच्या घटनांनंतर २००० मध्ये मागे घेतले गेले. प्राण्यांवरील चाचण्याही पुऱ्या पडत नाहीत. १९९३ मध्ये हिपॅटायटिस-बी या यकृतदाहावरील फियालुरिडीन या औषधाच्या चाचणीतील १५ रुग्णांपैकी ५ दगावले; आधीच्या प्राणी-चाचण्यांतून याची पूर्वसूचना मिळाली नव्हती.

या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. संरचना व जैविक क्रिया यांचा संख्यात्मक संबंध मांडण्याचे काम १९६० च्या दशकापासूनचे आहे. यकृतासाठी त्याचा वापर बहुधा २००० च्या आसपास वाढला. तथापि औषधांचे प्रमाणित वर्गीकरण उपलब्ध झाले तेथून गणना करणे अधिक सयुक्तिक वाटते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील संशोधकांनी २०११ मध्ये २८७ औषधांची यादी मांडली. २०१६ मधील ‘डिलीरँक’ यादीत १,०३६ औषधे आहेत : अधिक चिंतेची १९२, कमी चिंतेची २७८, चिंता नसलेली ३१२ आणि अनिश्चित २५४.

यंत्राला शिकवायची उत्तरे अशा याद्यांतून येतात आणि खरी अडचणही येथेच आहे. २०११ ची यादी औषधासोबतच्या अधिकृत माहितीपत्रकातील इशाऱ्यांवर आधारलेली होती. इशाऱ्यांत कायदेशीर सावधगिरीही मिसळलेली असते. दीर्घकाळ, मोठ्या प्रमाणावर वापरलेल्या औषधांविरुद्ध नोंदी साठतात, तर क्वचित वापरलेले औषध केवळ पुराव्याअभावी निर्धोक गणले जाते. २०१६ च्या यादीत कार्यकारणाचा पुरावाही तपासला गेला, म्हणून ती अधिक ग्राह्य. पण त्यामुळेच जवळपास चौथा हिस्सा अनिश्चित राहिला. ही अनिश्चित औषधे वगळून काढलेली अचूकता फुगलेली असू शकते.

२०१३ मध्ये सुचवलेला ‘दोनचा नियम’ अगदी साधा आहे : दैनिक मात्रा १०० मिग्रॅ. वा अधिक आणि मेदस्नेह दर्शविणारा लॉग-पी ३ वा अधिक असल्यास धोका वाढतो. मात्र संशोधनाच्या प्रारंभी मात्राच ठरलेली नसते. २०१५ मध्ये ४७५ औषधांवर शिकवलेल्या सखोल जालाने (अनेक थरांच्या संगणकीय चेताजालाने) बाहेरील १९८ औषधांवर ८६.९ टक्के अचूकता दाखवली. अशा आकड्यांची तुलना जपून करावी लागते. औषधांची विभागणी यदृच्छेने केली, तर एकाच कुळातील स्टॅटिने (कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे) शिक्षणसंचात व परीक्षासंचातही पडतात आणि यंत्राने नियम ओळखला की रेणूचा ओळखीचा सांगाडा, हे कळत नाही. सांगाड्यानुसार किंवा संमतीच्या वर्षानुसार केलेली विभागणी अधिक विश्वसनीय होय.

रेणूवरून रुग्णाविषयी सर्व काही कळत नाही. फ्लुक्लॉक्सॅसिलिन या प्रतिजैविकामुळे होणाऱ्या इजेचा एचएलए-बी*५७:०१ या जनुकप्रकाराशी दृढ संबंध २००९ मध्ये आढळला. तरीही हा प्रकार असलेल्या व औषध घेणाऱ्या ५०० ते १,००० जणांत सुमारे एकालाच इजा होते. रुग्णाची जनुकीय व वैद्यकीय माहिती संरचनेशी जोडणारी प्रतिमाने अद्याप थोडी आहेत.