तोहोकूतील शालेय बेसबॉल : हंगामपूर्व चित्र

तोहोकू हा जपानच्या होन्शू बेटाचा उत्तरेकडील भाग. आओमोरी, इवाते, आकिता, मियागी, यामागाता आणि फुकुशिमा हे सहा प्रांत त्यात मोडतात. या प्रांतांतील उच्च माध्यमिक शाळांचे बेसबॉल संघ येत्या वर्षात कुठवर मजल मारतील, याचा अंदाज दरवर्षी हिवाळ्याच्या शेवटी बांधला जातो. सेंदाईचे ‘काहोकू शिंपो’, मोरिओकाचे ‘इवाते निप्पो’, आकिताचे ‘साकिगाके शिंपो’ ही प्रांतिक दैनिके शालेय बेसबॉलला भरपूर जागा देतात. देशपातळीवरची क्रीडा दैनिके आणि मासिके संघांना ए, बी, सी अशा श्रेणी लावतात. मात्र तोहोकूपुरते सांगायचे तर या अंदाजात एक मूलभूत अडचण आहे. ज्या तीन-चार महिन्यांत संघ घडतो किंवा बिघडतो, त्या काळात मैदान बर्फाखाली असते आणि सामना एकही होत नाही.

हे समजण्यासाठी जपानचे शालेय वेळापत्रक लक्षात घ्यावे लागते. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाची मुले ऑगस्टमधील राष्ट्रीय स्पर्धेनंतर किंवा त्याआधीच आपला संघ हरला की त्यानंतर संघातून बाहेर पडतात. लगेच पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांचा नवा संघ उभा राहतो. शरद ऋतूत प्रांतिक स्पर्धा होतात. प्रत्येक प्रांतातील पहिले तीन, असे अठरा संघ ऑक्टोबरमध्ये तोहोकू विभागीय स्पर्धेत उतरतात. विभागाचा विजेता नोव्हेंबरमध्ये टोकियोच्या मेइजी जिंगू मैदानावर इतर विभागांच्या विजेत्यांशी खेळतो. त्यानंतर डिसेंबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत दुसऱ्या शाळेशी सामना खेळायला शालेय बेसबॉल महासंघाची बंदी असते. नवी मुले एप्रिलमध्ये येणार असल्याने वसंताच्या अंदाजात त्यांचा हिशेब धरताच येत नाही.

जानेवारीच्या अखेरीस वसंत स्पर्धेचे निमंत्रित संघ जाहीर होतात. ही स्पर्धा १९२४ मध्ये नागोयाला सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ओसाकाजवळच्या कोशिएन मैदानावर आली. त्याच मैदानावर भरणाऱ्या उन्हाळी स्पर्धेचा दरवाजा प्रांत जिंकला की आपोआप उघडतो. वसंताचे तसे नाही. तेथे निवड समिती बसते आणि शरदातील निकाल हा तिच्यापुढचा एक आधार असतो, हक्क नव्हे. २०२२ च्या निवडीत मध्य जपानच्या तोकाई विभागातील उपविजेत्या सेइरेइ ख्रिस्तोफर शाळेला वगळून उपांत्य फेरीत हरलेल्या ओगाकी निचिदाईला घेतले गेले, तेव्हा देशभर वाद झाला. त्यामुळे विभागीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या शाळेतसुद्धा मुख्याध्यापकांच्या दालनातला फोन वाजेपर्यंत कोणी निश्चिंत नसते.

तोहोकूच्या वाट्याला अनेक वर्षे दोनच जागा होत्या. २०२४ पासून त्या तीन झाल्या. याशिवाय नोव्हेंबरमधल्या त्या जिंगू स्पर्धेचा विजेता आपल्या विभागाला एक जादा जागा मिळवून देतो. या नियमाचे फळ तोहोकूने २०१२ मध्ये चाखले. आदल्या शरदात हाचिनोहेच्या कोसेइ गाकुइनने जिंगू जिंकली, विभागाला तिसरी जागा मिळाली आणि तिच्यावर इवातेची हानामाकी हिगाशी कोशिएनला गेली. त्या संघात पुढे अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये गाजलेला शोहेई ओहतानी होता. पहिल्याच सामन्यात ओसाका तोइनकडून ते ९-२ असे हरले, पण ओहतानीने त्या सामन्यात होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा मैदानाबाहेरचा फटका) मारला. त्याच जुलैमध्ये इवातेच्या प्रांतिक उपांत्य सामन्यात त्याने ताशी १६० किलोमीटर वेगाचा चेंडू टाकला. शालेय खेळाडूने एवढा वेग गाठल्याची ती पहिली नोंद. तरीही प्रांताचा अंतिम सामना हानामाकी हिगाशी हरली आणि उन्हाळी कोशिएनला जाऊ शकली नाही. एका असामान्य खेळाडूवर सगळा अंदाज टांगला की काय होते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण दुसरे नाही.

बर्फ आणि सराव. ‘हिमप्रदेशातले संघ दुबळे’ हा समज जपानी बेसबॉलमध्ये फार जुना आहे. तो निराधार नव्हता, पण सरसकट खराही नव्हता. तोहोकूच्या मधोमध दक्षिणोत्तर डोंगररांग जाते. तिच्या पश्चिमेला, जपान समुद्राच्या बाजूस, म्हणजे आकिता, यामागाता आणि आओमोरीच्या त्सुगारू भागात बर्फ ढिगांनी पडतो. पूर्वेला पॅसिफिक किनाऱ्यावर तो बराच कमी. आओमोरी प्रांतातलेच हाचिनोहे थंडीने गारठते, पण तेथील मैदान त्सुगारूइतके गाडले जात नाही. फुकुशिमाच्या किनाऱ्यावरचे इवाकी तर त्याहून सौम्य. एकाच विभागाच्या अंदाजात या दोन हवामानांना एकच माप लावले की गणित चुकते.

बर्फाळ भागातल्या शाळा हिवाळ्यात गुडघाभर बर्फातून रबरी बूट घालून धावतात, प्लास्टिकच्या हरितगृहात फलंदाजी करतात, व्यायामशाळेत ताकद वाढवतात. सधन खासगी शाळांकडे मोठी बंदिस्त सरावगृहे आहेत. तेथे मारण्याचा आणि टाकण्याचा सराव वर्षभर चालतो. जे छताखाली जमत नाही ते क्षेत्ररक्षण : उंच उडालेला झेल, मातीवर वेडावाकडा उसळणारा चेंडू, सीमेवरून थेट होम प्लेटपर्यंतची, म्हणजे फलंदाजाच्या जागेपर्यंतची फेक. म्हणून मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात थेट कोशिएनवर उतरणाऱ्या तोहोकूच्या संघाबद्दल जाणकार आधी विचारतात ते हे, की मातीवर पाय ठेवून याला किती दिवस झाले. निवड झालेले संघ त्यासाठी दक्षिणेकडे सराव शिबिरे नेतात. ज्यांची निवड झालेली नाही, त्यांना एप्रिलच्या शेवटी सुरू होणाऱ्या प्रांतिक वसंत स्पर्धेपर्यंत वेळ मिळतो आणि त्यांचे खरे रूप तेथेच कळते. उन्हाळ्याचा अंदाज मार्चपेक्षा मे महिन्यात बांधणे शहाणपणाचे, असे म्हणायला येथे भक्कम कारण आहे.

शिराकावाचा नाका. तोहोकूच्या दक्षिण सीमेवर शिराकावा येथे प्राचीन काळी तपासणी नाका होता. उन्हाळी स्पर्धेचा गडद लाल विजयध्वज हा नाका ओलांडून उत्तरेत कधी येणार, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे प्रत्येक हंगामपूर्व लेखात डोकावत राहिला. १९१५ च्या पहिल्याच स्पर्धेत आकिता माध्यमिक शाळा अंतिम फेरीत गेली आणि क्योतोच्या संघाकडून, नेहमीच्या नऊ इनिंग उलटून, तेराव्या इनिंगमध्ये २-१ अशी हरली. १९६९ मध्ये आओमोरीच्या मिसावाचा अंतिम सामना अठरा इनिंगनंतरही ०-० राहिला. पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) कोजी ओताने त्या एका दिवसात २६२ चेंडू टाकले, दुसऱ्या दिवशी फेरसामन्यात पुन्हा तोच उभा राहिला आणि मात्सुयामा शोग्यो ४-२ ने जिंकली. १९७१ ची इवाकीची कथा तर त्याहून जिव्हारी लागणारी. कोळशाच्या खाणी बंद पडत चाललेल्या त्या गावाच्या संघाने संपूर्ण स्पर्धेत एकच धाव दिली, आणि तीच धाव अंतिम सामना घेऊन गेली.

नंतर १९८९ आणि २०१५ मध्ये सेंदाई इकुएइ, २००३ मध्ये पुढे मेजर लीगला गेलेल्या यू दार्विशची तोहोकू शाळा, २०११ आणि २०१२ च्या उन्हाळ्यात कोसेइ, २०१८ मध्ये आकिताची कानाआशी नोग्यो, सारे अंतिम फेरीत अडकले. वसंतात २००१ ला सेंदाई इकुएइ, २००९ ला पुढे मेजर लीगलाच गेलेल्या युसेइ किकुचीची हानामाकी हिगाशी आणि २०१२ ला पुन्हा कोसेइ. दोन्ही स्पर्धा मिळून बारा अंतिम सामने, बाराही पराभव. दरम्यान २००४ मध्ये होक्काइदोच्या कोमादाई तोमाकोमाईने उन्हाळी स्पर्धा जिंकली. तोहोकूला वगळून ध्वज विमानाने वरून निघून गेला, ही सल येथे बरीच वर्षे होती. आणखी बर्फाळ होक्काइदो जिंकल्यावर बर्फाची सबबही उरली नाही.

सगळ्याच पराभवांना अशी उंची नव्हती. १९८५ मध्ये तोकाई विद्यापीठाच्या यामागाता शाळेला ओसाकाच्या पीएल गाकुएनने २९-७ असे चिरडले, तेव्हा आपल्या प्रांताचे संघ इतके कमकुवत का, हा विषय थेट यामागाताच्या प्रांतिक विधानसभेत निघाला.

२२ ऑगस्ट २०२२ रोजी सेंदाई इकुएइने शिमोनोसेकी कोकुसाईला ८-१ असे हरवून हा शतकभराचा प्रश्न मिटवला. उपांत्य सामन्यात त्यांनी फुकुशिमाच्या सेइको गाकुइनला १८-४ असे नमवले होते, म्हणजे शेवटच्या चारांत तोहोकूचे दोन संघ होते. पुढच्या वर्षी सेंदाई इकुएइ पुन्हा अंतिम फेरीत गेली आणि केइओकडून हरली. वसंताचा ध्वज मात्र २०२५ पर्यंत तोहोकूत आलेला नाही, आणि याचे कारण पुन्हा त्या हिवाळ्याशी जोडावे लागते. जो संघ ऑगस्टमध्ये देश जिंकू शकतो, त्याला मार्चमध्ये तेच साधू नये, यात खेळाडूंच्या कुवतीपेक्षा पंचांगाचा दोष जास्त आहे.

पिचरांचा हिशेब. अंदाज बांधण्याची रीत गेल्या काही वर्षांत मुळापासून बदलली. पूर्वी ‘यांचा पिचर कोण’ एवढे विचारले की पुरे असे. २०१८ मध्ये कानाआशी नोग्योच्या कोसेइ योशिदाने एका स्पर्धेत ८८१ चेंडू टाकले. ती सरकारी कृषी शाळा होती, सगळी मुले आकिताचीच, आणि त्या उन्हाळ्यात अवघा जपान तिच्या बाजूने उभा होता. पण त्याच कौतुकातून कोवळ्या खांद्यांची चिंताही जागी झाली. पुढच्या वर्षी जुलैमध्ये इवातेच्या ओफुनातो शाळेच्या प्रशिक्षकाने प्रांताच्या अंतिम सामन्यात रोकी सासाकीला मैदानात उतरवलेच नाही. एप्रिलमध्ये ताशी १६३ किलोमीटर वेग गाठलेला हा मुलगा बाकावर बसून राहिला, संघ हानामाकी हिगाशीकडून १२-२ असा हरला, आणि शाळेकडे संतापाच्या फोनांची रीघ लागली. आज सासाकी अमेरिकेतील मेजर लीगमध्ये खेळतो. त्या प्रशिक्षकाचा निर्णय धाडसाचा आणि योग्य होता, असे या नोंदकर्त्याचे मत आहे.

२०१९ मध्येच महासंघाने आठवड्याला एका पिचरमागे ५०० चेंडूंची मर्यादा ठरवली आणि २०२० पासून ती लागू केली. २०२२ चा सेंदाई इकुएइचा विजय या नव्या काळाचा होता : प्रशिक्षक वातारू सुए यांनी पाच पिचर आलटून पालटून वापरले. आता चित्र मांडताना तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा पिचर कसा आहे हे पाहिले जाते. २०२४ च्या वसंतापासून धातूच्या बॅटीही बदलल्या. जाडी ६७ मिलिमीटरवरून ६४ वर आली, चेंडू पूर्वीसारखा उसळेना आणि त्या वसंत स्पर्धेत जेमतेम तीन होमरन झाले. बेस चोरणे (फटका नसताना पुढच्या तळाकडे पळणे), बंट (चेंडू बॅटने हलकेच थोपवणे) आणि निर्दोष क्षेत्ररक्षण यांचे मोल त्यामुळे वाढले, आणि हिवाळ्यात मैदानाला मुकणाऱ्या संघांची तिथेच कसोटी लागते.

स्थानिक आणि बाहेरचे. तोहोकूच्या बलाढ्य खासगी शाळांमध्ये कानसाई, म्हणजे ओसाकाभोवतीच्या भागातून आलेली बरीच मुले असतात. दार्विश ओसाका प्रांतातून सेंदाईला आला, पुढे व्यावसायिक बेसबॉलमध्ये गाजलेला हायातो साकामोतो ह्योगोहून हाचिनोहेला. अशा संघाला ‘आपला’ म्हणावे का, हा वाद प्रत्येक हंगामाआधी उकरला जातो. पंधराव्या वर्षी घर सोडून हजार किलोमीटर दूर, बर्फात राहायला आलेल्या मुलाला परका ठरवणे अन्यायाचे आहे. पण प्रांतातल्याच मुलांना घेऊन उभ्या राहिलेल्या किकुची-ओहतानींच्या हानामाकी हिगाशीवर इवातेने जो जीव लावला, तोही समजण्यासारखा आहे. फुकुशिमात सेइको गाकुइनने २००७ ते २०१९ सलग तेरा उन्हाळे प्रांत जिंकला. अशा ठिकाणी विजेता कोण हे सांगण्यात अंदाजाचे काही कौशल्य नसते. त्यांना कोण रोखेल, एवढाच प्रश्न उरतो.

वसंत स्पर्धेत २००१ पासून ‘एकविसाव्या शतकाच्या’ खास जागाही आहेत. बर्फ, आपत्ती, अपुरे खेळाडू अशा अडचणींतून वाट काढणाऱ्या शाळांना त्या दिल्या जातात. २०११ च्या भूकंपानंतर बाराव्या दिवशी वसंत स्पर्धा सुरू झाली आणि सेंदाईची तोहोकू शाळा मदतकार्य मागे ठेवून खेळायला गेली. पुढच्या वसंतात त्सुनामीने मैदान बुडालेली इशिनोमाकी कोग्यो खास जागेवर आली. श्रेणी लावणाऱ्यांनी या संघांना खालची जागा दिली तरी विभागातील वाचक त्यांच्याबद्दलच आधी वाचतात. २००९ मध्ये मियागीची रिफू शाळा अशाच जागेवरून उपांत्य फेरीपर्यंत गेली होती.

अणुदुर्घटनेच्या छायेतील फुकुशिमाच्या तीन शाळांनी २०११ मध्ये सोसो रेंगो नावाचा संयुक्त संघ उतरवला. आता दुर्घटनेविनाही असे संघ वाढत आहेत. देशातील शालेय बेसबॉलपटूंची संख्या २०१४ मध्ये सुमारे १ लाख ७० हजार होती, ती दहा वर्षांत सुमारे १ लाख २७ हजारांवर आली. लोकसंख्या झपाट्याने घटणाऱ्या आकितासारख्या प्रांतात दोन-तीन शाळा मिळून नऊ खेळाडू जमवतात आणि सरावासाठी आठवड्याच्या शेवटी एकत्र येतात. दैनिकांच्या हंगामपूर्व तक्त्यात त्यांची नावे जोडचिन्हाने एकाच ओळीत छापली जातात.