‘ह्यू-मॅन’: डेन्व्हरचे आणि हार्लेमचे

क्लारा व्हिलारोसा या आफ्रिकन-अमेरिकन पुस्तकविक्रेत्या बाईंविषयी वाचताना ‘ह्यू-मॅन’ या दुकानाचा उल्लेख हमखास येतो आणि तिथेच गल्लत होते, कारण या नावाची दुकाने दोन होती: एक कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात, दुसरे न्यू यॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या प्रसिद्ध वस्तीत. त्यात डेन्व्हरचे दुकान ज्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीत होते, तिलाच ‘पश्चिमेचे हार्लेम’ म्हणतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

डेन्व्हरचे दुकान १९८४ मधले. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातले समाजकार्य आणि नंतर बँकेतली वरिष्ठ पदाची नोकरी करून झाल्यावर, वयाची पन्नाशी ओलांडलेल्या व्हिलारोसा यांनी ते सुरू केले. कृष्णवर्णीयांची वस्ती तुलनेने लहान असलेल्या या शहरात, केवळ त्यांच्याविषयीच्या व त्यांनी लिहिलेल्या पुस्तकांवर दुकान चालवायचे, तर गिऱ्हाईक आपोआप येईल असे मानून भागत नव्हते. १९९२ मध्ये टेरी मॅकमिलन या कृष्णवर्णीय लेखिकेच्या ‘वेटिंग टू एक्झेल’ या कादंबरीने लाखोंचा खप गाठला, तेव्हा कुठे मोठ्या प्रकाशकांना या वाचकवर्गाची दखल घ्यावी लागली, व्हिलारोसा यांचे दुकान मात्र त्याआधी आठ वर्षे याच वाचकावर उभे होते. माझ्या मते त्यांची खरी कर्तबगारी इथेच दिसते. २००० मध्ये त्यांनी ते विकले.

हार्लेमचे दुकान २००२ चे, आणि त्याची घडणच निराळी. इथे वाचक शोधावा लागणार नव्हता. प्रश्न भांडवलाचा आणि महागड्या जागेचा होता. रीटा युइंग आणि सेलेस्ट जॉन्सन या भागीदारांसह, चित्रपटगृह असलेल्या व्यापारी संकुलात, फ्रेडरिक डग्लस बुलेव्हार्डवर ते कॅफेसह उघडले. २००४ मध्ये बिल क्लिंटन यांनी आपल्या आत्मचरित्राच्या प्रतींवर इथेच स्वाक्षऱ्या केल्या (त्यांचे कार्यालयही हार्लेममध्येच होते). वृत्तपत्रांत गाजले ते हे दुकान. म्हणूनच बहुधा डेन्व्हरचे श्रेयही त्याच्या खात्यावर जमा होते. पुढे त्याचा कारभार मार्व्हा ॲलन यांच्याकडे गेला, आणि जागेचा करार संपताना २०१२ मध्ये ते बंद झाले.

२०१६ मध्ये मुलींसह सुरू केलेली ‘व्हिलारोसा मीडिया’ ही यांपैकी कोणत्याही दुकानाची शाखा नव्हे; ती प्रकाशनसंस्था आहे. अमेरिकेत दुकानदाराला न खपलेली पुस्तके सहसा प्रकाशकाकडे परत पाठवता येतात, त्यामुळे जो तोटा विक्रेत्या व्हिलारोसा प्रकाशकावर टाकू शकत होत्या, तो प्रकाशक झाल्यावर त्यांच्याच अंगावर येणार होता.