बॉक्स-अँड-वन की डबल टीम?

रविवारी सकाळी राजेंद्रनगरला ताईकडे पोहे खात बसलो होतो. भाच्याने फोन पुढे केला. "मामा, बघ ना. त्यांच्या स्टारला मी 19 गुणांवर रोखलं, तरी मॅच गेली." बास्केटबॉल मॅनेजमेंट गेममधला तो गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारा खेळाडू. आधीच्या सामन्यात त्याने 34 गुण केले होते, म्हणून या वेळी भाच्याने डबल टीम लावली होती. "बॉक्स-अँड-वन लावलं असतं तरी तेच झालं असतं ना? दोन्ही एकच आहेत."

एकच नाहीत. नेमका हाच घोळ बहुतेक जण करतात, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

बॉक्स-अँड-वनमध्ये स्टारवर माणूस एकच असतो, पण तो क्षणभरही त्याला सोडत नाही. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी तो स्टारला चिकटून फिरतो. उरलेले चौघे बास्केटखालच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांवर झोन धरतात, म्हणजे ठरावीक माणूस नव्हे तर आपापली जागा राखतात. चेंडू स्टारच्या हातात येऊच नये, यासाठी हा सगळा खटाटोप. डबल टीममध्ये चेंडू त्याच्याकडे जाऊ देतात. तो आला की दुसरा बचावपटू आपला माणूस सोडून धावत येतो. स्टारसमोर दोघे झाले, म्हणजे मागे त्यांच्या चौघांना आपले तिघेच उरले. पहिला डाव पास येण्याआधीचा, दुसरा पास आल्यानंतरचा.

म्हणूनच स्टारचे गुण बघून डाव ठरवू नये. डबल टीम लावायची तर त्याचं पासिंग बघायचं, आणि कुठलाही डाव असो, सोबत्यांची नेमबाजी बघायची. भाच्याच्या सामन्याचा बॉक्स स्कोअर, म्हणजे आकड्यांचा तक्ता, उघडला तर स्टारचे 11 असिस्ट, म्हणजे सोबत्याच्या बास्केटमध्ये संपलेले पास. दोघे जण घेरायला आले की तो शांतपणे मोकळ्या सोबत्याला चेंडू देत होता. ते सोबती थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांचा फटका, मारण्यात 36 टक्के होते. 36 टक्के म्हणजे प्रत्येक प्रयत्नामागे 1.08 गुण. स्टार स्वतः दोन गुणांचे फटके 50 टक्क्यांनी मारतो, म्हणजे 1 गुण. भाच्याने महागडा फटका रोखायला जाऊन त्याहून महागडा फटका फुकट दिला होता.

खऱ्या बास्केटबॉलमध्ये हे दोन्ही डाव एकाच सामन्यात बघायला मिळाले, अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या 2019 च्या फायनल्सच्या दुसऱ्या लढतीत. गोल्डन स्टेट वॉरियर्सचा केव्हिन ड्युरांट दुखापतीमुळे खेळत नव्हता, क्ले थॉम्पसनही चौथ्या क्वार्टरमध्ये बाहेर गेला. हुकमी नेमबाज उरला एकटा स्टीफन करी. टोरोंटो रॅप्टर्सचे प्रशिक्षक निक नर्स यांनी बॉक्स-अँड-वन लावलं आणि फ्रेड व्हॅनव्हलीटला करीच्या मागे सोडलं. वॉरियर्सची शेवटची पाच मिनिटं जवळजवळ कोरडी गेली. अखेरच्या काही सेकंदांत मात्र टोरोंटोने करीला दोघांनी घेरलं. त्याने चेंडू शॉन लिव्हिंगस्टनला दिला, लिव्हिंगस्टनने आंद्रे इग्वोडालाला, आणि मोकळ्या इग्वोडालाने थ्री मारली. वॉरियर्स 109-104 ने जिंकले. मला तरी यापेक्षा स्वच्छ उदाहरण सापडलेलं नाही.

थॉम्पसन मैदानात असता तर तो बॉक्स टिकला असता, असं मला वाटत नाही. स्टारखेरीज आणखी एखाददुसरा चांगला नेमबाज असला की चौकटीतल्या चौघांना बाहेर यावंच लागतं, आणि बाहेर आले की आतली जागा उघडी.

एनबीएमध्ये झोनला परवानगी मिळाली ती 2001-02 च्या हंगामापासून. त्यामुळे 1988 ते 1990 अशी सलग तीन वर्षं प्लेऑफमध्ये मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सना हरवणाऱ्या डेट्रॉइट पिस्टन्सकडे बॉक्सचा पर्यायच नव्हता. त्यांनी जॉर्डनवर दुसरा माणूस धाडण्यावर भर दिला. 1991 मध्ये जॉर्डनचे सोबती मोकळ्या जागेचं सोनं करू लागले होते, आणि बुल्सनी पिस्टन्सना मालिकेत 4-0 ने उडवलं.

बास्केटला पाठ करून खेळणारा उंच सेंटर असेल आणि त्याचं पासिंग कच्चं असेल, तर डबल टीमच लावा. तिथे चेंडू हिसकावला जाण्याची शक्यता खूप.

बॉक्समधल्या पाठलाग करणाऱ्याकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात. रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर कॉलेजच्या दिवसांत मी हे काम केलं आहे. स्क्रीनमागून स्क्रीन, म्हणजे वाट अडवून उभे राहणारे प्रतिस्पर्धी, चुकवत धावताना दुसऱ्या हाफपर्यंत पाय शिशाचे होतात, आणि थकला की माणूस हात लावतो, फाउल होतो. ज्या गेममध्ये स्टॅमिना मोजला जातो, तिथेही आपला मुख्य स्कोअरर या कामाला जुंपू नका. बचाव चांगला असलेला राखीव गार्ड द्या.

"मग या टीमविरुद्ध काय लावू?" भाच्याने विचारलं. दोन्हींतलं काहीच नाही, मी म्हटलं. सोबती 36 टक्क्यांचे आहेत, तर साधं मॅन-टू-मॅन ठेव, म्हणजे प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा, तुझा सगळ्यात चांगला बचावपटू स्टारवर लाव, आणि त्याला 28 गुण करू दे. त्याला ते पटायला वेळ लागला. ताईने दुसऱ्यांदा पोहे वाढले तेव्हा तो पुढच्या शनिवारचा प्रतिस्पर्धी बघत होता. तिथे एकच गार्ड 30 गुण करणारा, बाकी कोणाची थ्री 25 टक्क्यांच्या वर नाही.

"मामा, इथे बॉक्स?"

"इथे बॉक्स."