हस्तनिर्मित वॉल हँगिंग (बडोदे)

सुती दोरी, लोकर, कापडाचे तुकडे, काचमणी, पुठ्ठा, रद्दी कागद, बांबूच्या काड्या, माती अशा अल्पमोल साहित्यातून घरीच करून भिंतीवर टांगावयाची शोभेची वस्तू. ती दांडीला, कडीला किंवा थेट खिळ्याला अडकवतात. तिला चौकट आणि काच लागत नाही, त्यामुळे तसबिरीच्या मानाने ती हलकी व स्वस्त असते आणि सणासुदीला उतरवून तिच्या जागी दुसरी लावणे सोपे जाते. गुजरातमधील बडोदे (वडोदरा) येथील मराठी घरांत या वस्तूला स्वतःचे वळण लागले आहे. कारण लग्नाच्या रुखवतासाठी हस्तकला करण्याची महाराष्ट्रातील रीत आणि दारे-भिंती भरतकामाने मढवण्याची गुजराती रीत या दोन्ही तेथे कित्येक पिढ्या शेजारी शेजारी नांदत आल्या.

अठराव्या शतकापासून गायकवाडांच्या राजवटीत लष्कर, दप्तर आणि धर्मकृत्ये यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे बडोद्यात स्थायिक झाली. त्यांतील श्रीमंतांनी भिंती चिताऱ्यांकडून रंगवून घेतल्या. दिवाण भाऊ तांबेकर यांच्या वाड्यातील एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रे आजही पाहता येतात. सामान्य घरात हे काम सुई-दोऱ्यावर भागवले जाई. दुसुतीवर फुलीच्या टाक्याने भरलेले राघू-मैना, दारावरचे मण्यांचे ‘सुस्वागतम्’, क्रोशाच्या झालरी, लोकरीचे गोंडे लावलेला गणपती या वस्तू रुखवतात मांडल्या जात आणि लग्नानंतर नव्या घराच्या भिंतीवर जात. रुखवत पाहायला आलेल्या बायका वस्तू हमखास उलटून तिची मागची बाजू पाहत, कारण गाठी आणि सुटे दोरे तेथेच दिसतात. या कामाची खरी परीक्षा तीच आणि तिच्यात उतरणारी वस्तूच भिंतीवर टिकते.

सौराष्ट्र आणि कच्छमधील घरसजावटीत प्रत्येक तुकड्याची जागा ठरलेली असते. दाराच्या माथ्यावर पानांच्या आकाराचे लोंबते तुकडे असलेले तोरण, दाराच्या दोन्ही अंगांना चाकळ्यांची (भरतकामाच्या चौकोनी कापडांची) जोडी, मागच्या भिंतीवर लांब पट्टी आणि मंगल प्रसंगी पंचकोनी गणेशस्थापन (गणपती भरलेले कापड) अशी ही मांडणी असून हे कापड वधूबरोबर सासरी येई. मोतीभरत या प्रकारात काचेचे बारीक मणी एकमेकांत ओवून जाळी विणतात आणि तिला मागून कापडाचे अस्तर देतात. पांढऱ्या मण्यांच्या पार्श्वभूमीवर मोर, हत्ती आणि फुले उठून दिसतात. बडोद्याच्या मराठी स्त्रियांनी मणीकामात हे नमुने सहज सामावून घेतले. मोत्यांच्या कामाचे दुसरे टोकही याच शहराने पाहिले. खंडेराव महाराजांनी (कारकीर्द १८५६–१८७०) खऱ्या मोत्यांची आणि रत्नांची जी चादर करवून घेतली, ती आज कलाजगतात ‘बडोद्याचा मोत्यांचा गालिचा’ म्हणून ओळखली जाते. प्रस्तुत नोंदीच्या विषयाशी तिचा संबंध ओवण्यापुरताच.

सयाजीराव महाराज तिसरे यांच्या काळात (१८७५–१९३९) घराच्या भिंतीवर छापील चित्र आले. त्यांच्यासाठी राजा रविवर्मा यांनी १४ पौराणिक चित्रे रंगवली आणि पुढे १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या छापखान्यातून रविवर्म्यांच्या चित्रांच्या स्वस्त प्रती देशभर पसरल्या. अशा छापील लक्ष्मीच्या किंवा सरस्वतीच्या साडीवर जर, टिकल्या आणि खऱ्या कापडाचे तुकडे बसवण्याची हौस अनेक प्रांतांतील घरांत होती. बाजारातून आणलेली एकसारखी प्रत हाताच्या कामाने आपली करून घेण्याची ही पद्धत आजच्या स्वस्त भिंतसजावटीची थेट पूर्वज मानता येईल.

याच शहरात १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था स्थापन झाली आणि १९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा सुरू झाली. तेथे शिकवणारे के. जी. सुब्रमण्यन यांनी लोककलेतील साधने आणि कारागिरांच्या पद्धती यांना चित्र-शिल्पाच्या बरोबरीने स्थान दिले. त्यांच्या विद्यार्थिनी मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांनी तागवर्गीय धाग्यांची दोरी हाताने गाठवून प्रचंड शिल्पे घडवली. घरी दोरीला गाठी मारणाऱ्या गृहिणीने ती पाहिलेली असतीलच असे नाही, पण गाठ हे रचनेचे पुरेसे साधन आहे ही गोष्ट याच शहरात शिकलेल्या कलावतीने सिद्ध केली, हे नोंदवले पाहिजे.

या वस्तू स्वस्त पडतात त्या मुख्यतः उरलेल्या साहित्यामुळे, आणि बडोद्यात हे साहित्य सणांच्या क्रमाने हाती येते. नवरात्रात गरब्यासाठी चणिया-चोळ्या शिवल्या जातात. त्यांतून उरलेल्या किनारी, आभले, कवड्या आणि लटकने नवरात्र सरताच घराघरांतल्या शिवणाच्या डब्यांत जमा होतात. नवाबाजार, मंगळबाजार या भागांत हेच सामान सुटेही मिळते. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या साड्यांचे काठ निघतात. १४ जानेवारीला मराठी घरांत तिळगूळ वाटला जातो आणि गच्चीवर गुजराती उत्तरायण रंगते. त्यानंतर फाटलेल्या पतंगांचा पातळ कागद आणि बांबूच्या काड्या वाटेल तेवढ्या मिळतात. मांजा मात्र कधीही वापरू नये. त्याच्यावरील काचेच्या भुकटीने बोटे कापतात आणि खिडकीजवळ टांगल्यास पक्ष्यांना इजा होते. फिरकीवरचा साधा, लेप न दिलेला दोरा चालतो. याउलट दुकानात मिळणारे ‘करून पाहा’ पद्धतीचे तयार संच स्वस्त समजले जात असले, तरी त्यांतील साहित्य सुटे घेतल्यास बहुधा बरेच कमी पैसे पडतात. संचाची किंमत नमुन्याच्या कागदाला आणि खोक्याला असते.

सध्या सर्वांत लोकप्रिय प्रकार गाठकामाचा असून त्याला मॅक्रमे म्हणतात. ३ किंवा ४ मिलिमीटर जाडीची सुती दोरी, एक दांडी, कात्री आणि कंगवा एवढ्यावर तो होतो. दांडी म्हणून जुनी पडद्याची काठी किंवा गळून पडलेली फांदी घेतात. फांदीची साल सोलून ती उन्हात खडखडीत वाळवावी लागते, नाहीतर तिच्यातून भुंगेरे निघून भुसा सांडत राहतो. दोरी किती कापावी हा नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो. दाट गाठींसाठी प्रत्येक पदर तयार लांबीच्या सुमारे चौपट लागतो आणि दोरी मधोमध दुमडून दांडीवर फासगाठीने अडकवली जात असल्याने कापताना आठपट धरावी लागते. ३० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर लांब नमुन्यासाठी २४ दोऱ्या घेतल्या, तर प्रत्येकी ३ मीटर ६० सेंटिमीटर याप्रमाणे एकूण सुमारे ८६ मीटर दोरी होते. निम्मा भाग मोकळ्या गोंड्यांचा ठेवायचा असल्यास पाचपटीतही भागते. कमी पडलेली दोरी मध्येच जोडता येते, पण जोड लपत नाही.

या कामाचा कणा चौकोनी गाठ हा आहे. शेजारच्या चार पदरांपैकी मधले दोन स्थिर राहतात आणि कडेचे दोन काम करतात. डावा पदर मधल्या दोहोंच्या वरून नेऊन उजव्याच्या खाली ठेवतात. मग उजवा पदर मधल्या दोहोंच्या मागून नेऊन डावीकडे तयार झालेल्या फटीतून वर काढतात. एवढ्याने गाठ अर्धीच होते. तीच क्रिया उजवीकडून सुरू करून उलट केली की गाठ पुरी होऊन सपाट बसते. उलटी क्रिया न करता दर वेळी डावीकडूनच आरंभ केला, तर गाठींची साखळी आपोआप पिळत जाते. हा पीळ पुष्कळदा चुकून पडतो आणि अनेक सुंदर नमुन्यांत मुद्दामही घातला जातो. पुढच्या ओळीत कडेचे दोन पदर सोडून शेजारच्या गाठींतून दोन-दोन पदर घेतले की जाळी तयार होते. ओळी सरळ राहण्यासाठी दांडी भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला टांगून उभ्याने काम करणे उत्तम. मांडीवर घेऊन केलेल्या कामात ताण सारखा राहत नाही आणि नमुना तिरका होतो.

पुठ्ठ्यावरचे विणकाम मुलांनाही जमते. जाड पुठ्ठ्याच्या वरच्या व खालच्या कडेला अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतराने चिरा देऊन त्यांतून सुताचा ताणा (उभे धागे) ओढतात आणि दाभणाने लोकरीचा बाणा (आडवा धागा) वर-खाली घालतात. बाणा सरळ ओढला की कडा आत येऊन कापड मध्यभागी आवळते. म्हणून तो ताण्यातून काढताना कमानीसारखा सैल ठेवून मगच कंगव्याने खाली बसवावा लागतो.

कच्छमधील ‘भुंगा’ नावाच्या गोल घरांच्या भिंतींवर माती आणि जनावरांचे शेण कालवून, त्यात आभले बसवून केले जाणारे लिपणकाम अलीकडे शहरी घरांत फळीवर उतरले आहे. मूळ काम भिंतीचाच भाग असते, तर शहरातले टांगायचे असते. गोल एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) फळीवर पेन्सिलीने नक्षी आखून, पांढरी वॉल पुट्टी आणि फेव्हिकॉल कालवून ते मिश्रण मेंदीच्या कोनात भरतात आणि नक्षीच्या रेषेवर सारख्या जाडीने सोडतात. आभले ओल्या रेषांच्या मध्ये फेव्हिकॉलने चिकटवतात. मिश्रण फार पातळ झाले तर रेषा पसरते आणि फार घट्ट झाले तर कोन फुटतो. वाळताना तडे पडू नयेत म्हणून फळी पंख्याखाली न ठेवता सावलीत सपाट ठेवावी. पांढरे लिपण आणि त्यात चमकणारे आभले एवढेच मूळ रूप असून त्यात सोनेरी रंग ओतण्याची सध्याची हौस प्रस्तुत लेखकास अनावश्यक वाटते.

पूर्वी बडोदे जिल्ह्यात असलेल्या आणि २०१३ पासून स्वतंत्र जिल्हा झालेल्या छोटा उदेपूर भागातील राठवा आदिवासींच्या पिठोरा चित्रांचे घोडेही आता कापडावर व फळीवर दिसतात. पिठोरा हा मुळात नवस फेडण्याचा विधी आहे. त्यात चित्र घराच्या ठरावीक भिंतीवर विधिपूर्वक काढले जाते आणि बडवा (त्यांचा पुजारी) त्याला मान्यता देतो. सजावटीसाठी त्यातला घोडा उचलण्यास कोणी अडवत नाही, मात्र अशा फळीला पिठोरा म्हणणे चूक ठरते.

कागदकामात वर्तमानपत्राच्या पट्ट्या बारीक काडीवर तिरक्या गुंडाळून नळ्या करतात आणि त्या पुठ्ठ्याच्या कड्यावर सूर्यकिरणांप्रमाणे बसवून रंगवतात. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ स्वस्त पडते. कसर लागू नये म्हणून बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत. ते विषारी असल्याने मुलांच्या कामात टाळावे.

टांगणी हा दुर्लक्षित भाग आहे. वस्तूचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ सेंटिमीटरवर आला की उभ्या माणसाच्या नजरेच्या पातळीत बसतो. सोफ्यावर किंवा दिवाणावर मात्र ती आणखी खाली घ्यावी. जुन्या चुन्याच्या गिलाव्यात खिळा ठोकल्यास पोपडा निघतो, म्हणून विटांच्या सांध्यात लाकडी गुल्ली बसवून तिच्यात स्क्रू पिळतात. भाड्याच्या घरात चिकट हुक वापरले जातात, परंतु डिस्टेंपरवर ते रंगासकट सुटून येतात. दांडीच्या दोन्ही टोकांना मागून बुचाचे पातळ तुकडे लावले, तर भिंतीत आणि वस्तूत फट राहून पावसाळ्यात ओल धरत नाही. अशा फटीत पाल मुक्काम करते, अशी गृहिणींची तक्रार असते. तिरप्या टांगलेल्या तसबिरींमागे पूर्वी चिमण्या घरटी करीत. त्या मानाने ही अडचण किरकोळ म्हणावी लागेल.

सुती गाठकाम महिन्यातून एकदा गच्चीवर नेऊन झटकावे. मळल्यास कोमट साबणपाण्यात न पिळता बुचकळून, दांडीसकट उलटे टांगून सावलीत वाळवावे. विस्कटलेल्या गोंड्यांना इस्त्रीची वाफ दाखवून ते ओलसर असतानाच कंगव्याने विंचरले आणि खालची कड पुन्हा एका रेषेत कापली, की ते सरळ होतात. लोकरीचे काम पावसाळ्यापूर्वी उतरवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून सुती कापडात गुंडाळून ठेवतात आणि दसऱ्याच्या साफसफाईत पुन्हा भिंतीवर लावतात.