पैसे रुग्णाचे, फी डॉक्टरची: ऑस्ट्रेलियातल्या मेडिकेअर परताव्याची पार्श्वभूमी

परतावा थेट बँकेत जमा व्हायची सोय रुळण्याआधी ऑस्ट्रेलियात एक अजब चेक पोस्टाने घरी यायचा. डॉक्टरांचं बिल भरायला हाताशी पैसे नसले, की माणूस ते न भरलेलं बिल मेडिकेअरकडे, म्हणजे सरकारी आरोग्य विमा योजनेकडे द्यायचा. काही दिवसांनी पाकीट यायचं. पाकिटावर नाव रुग्णाचं, आतल्या चेकवर नाव डॉक्टरांचं. तो चेक आणि उरलेली रक्कम आपल्या खिशातून, असं दोन्ही दवाखान्यात नेऊन द्यायचं. सरकारला डॉक्टरांचा पत्ता माहीत नव्हता असं नाही. पण कायद्याच्या नजरेत परतावा रुग्णाचा होता, डॉक्टरांचा नव्हे. म्हणून चेकला रुग्णाच्या घरावरून वळसा घालावा लागायचा.

त्या वळशात या योजनेचा सगळा इतिहास आहे. वैद्यकीय खर्चाचा भार कमी करायचा तर बहुतेक सरकारं डॉक्टरांशी दर ठरवतात किंवा डॉक्टरांना पगारावर घेतात. ऑस्ट्रेलियाने यातलं काहीच केलं नाही. तिथे सरकार प्रत्येक सेवेला एक आयटम नंबर देतं, तिची ‘शेड्यूल फी’ ठरवतं आणि तिच्या ठरावीक टक्क्यांइतके पैसे रुग्णाला परत करतं. डॉक्टर प्रत्यक्षात किती घेतील, हा डॉक्टरांचा प्रश्न. परतावा आणि प्रत्यक्ष फी यांच्यातल्या फरकाला तिथे सगळे ‘गॅप’ म्हणतात, आणि तो रुग्ण भरतो. डॉक्टरांनी परताव्याचीच रक्कम पूर्ण फी म्हणून मान्य केली, तर रुग्ण आपला हक्क त्यांच्या नावे करतो आणि एक सेंटही न देता बाहेर पडतो. हे ‘बल्क बिलिंग’.

मग सरकारने सरळ फीच का बांधून दिली नाही? त्यासाठी १९४०च्या दशकात जावं लागतं.

युद्धकाळात लेबर (मजूर) पक्षाच्या सरकारने १९४४ मध्ये मोफत औषधांचा कायदा केला. व्हिक्टोरियातल्या डॉक्टरांच्या संघटनेशी संबंधित मंडळी कोर्टात गेली आणि १९४५ मध्ये हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, केंद्र सरकारला असा खर्च करायचा अधिकारच नाही म्हणून तो रद्द केला. पंतप्रधान चिफली यांनी मग राज्यघटनेलाच हात घातला. १९४६च्या सार्वमतात केंद्राला औषधं, इस्पितळं, ‘वैद्यकीय व दंतसेवा’ यांसाठी कायदे करायचा अधिकार मिळाला. ऑस्ट्रेलियात घटनादुरुस्तीची सार्वमतं बहुधा आपटतात, हे मात्र पार पडलं. पण कलमाचा मसुदा तयार होताना विरोधी पक्षनेते रॉबर्ट मेंझीस यांनी त्यात एक शेपूट जोडायला लावलं होतं: या अधिकाराचा वापर करून कुठल्याही प्रकारची ‘नागरी सक्तीची भरती’ करता येणार नाही. डॉक्टरांना सरकारी नोकर बनवता येऊ नये, हा हेतू.

त्या शेपटाचा फटका तीनच वर्षांत बसला. औषधांचा नवा कायदा सांगत होता, की डॉक्टरांनी सरकारने छापलेल्या फॉर्मवरच प्रिस्क्रिप्शन लिहावं, नाहीतर ५० पौंड दंड. एवढ्या फॉर्मच्या सक्तीलाही १९४९ मध्ये हायकोर्टाने बहुमताने नागरी सक्तीची भरती ठरवलं. फॉर्म सक्तीचा करता येत नाही, तिथे फी सक्तीची करायची हिंमत कुठलं सरकार करणार? पुढे कोर्टाने हा अर्थ बराच सैल केला, पण तोवर राजकारणाची घडी बसली होती. डॉक्टरांच्या दरांना हात न लावता रुग्णाच्या हातात पैसे द्यायचे, एवढीच वाट मोकळी राहिली. (‘दंतसेवा’ हा शब्द घटनेत असूनही मेडिकेअरमध्ये मोठ्या माणसांचे दात जवळजवळ नाहीतच. घटनेने दार उघडलं, खर्चाच्या धास्तीने आत कोणी गेलं नाही.)

१९४९ च्या शेवटी मेंझीस सत्तेवर आले आणि स्वतः सर्जन असलेले अर्ल पेज आरोग्यमंत्री झाले. रुग्णाने थोडं तरी स्वतः भरलंच पाहिजे, हे त्यांचं ठाम मत. १९५३च्या त्यांच्या योजनेत खासगी विमा फंडाचा सभासद असेल त्यालाच सरकारी मदत मिळे. हप्त्यावर आयकरात वजावट होती, म्हणजे ज्याचा कराचा दर मोठा त्याला विमा स्वस्त आणि गरिबाला महाग. वृद्ध पेन्शनरांची वेगळी सोय होती. पण तुटपुंज्या पगारावर घर चालवणारा, विमा न परवडणारा कामगार पूर्ण बिल भरायचा आणि परतावा शून्य.

हे कोडं मेलबर्न विद्यापीठातल्या रिचर्ड स्कॉटन आणि जॉन डीबल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी आकडे मांडून उलगडलं. जून १९६७ मध्ये मॉस कॅस या डॉक्टर-राजकारण्याच्या घरी त्यांची गाठ नवे विरोधी पक्षनेते गॉफ व्हिटलम यांच्याशी पडली. त्यांचा प्रस्ताव असा: एकच सार्वजनिक विमा, सगळ्यांना आपोआप लागू, पैसा उत्पन्नाच्या प्रमाणात कराबरोबर वसूल. डॉक्टर मात्र खासगीच राहणार आणि परतावा रुग्णालाच मिळणार, कारण घटनेची अडचण त्यांनाही ठाऊक होती.

व्हिटलम १९७२ मध्ये जिंकले, पण सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, विधेयकं पुन्हा पुन्हा फेटाळली. १९७४ मध्ये दोन्ही सभागृहं विसर्जित झाली, निवडणूक झाली, तरी सिनेट बधेना. अखेर ऑगस्ट १९७४ मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक घेऊन विधेयक मंजूर झालं. अशी बैठक ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात तेवढी एकच. १ जुलै १९७५ला ही योजना ‘मेडिबँक’ या नावाने सुरू झाली: शेड्यूल फीच्या ८५ टक्के परतावा, आणि डॉक्टरांची तयारी असेल तर बल्क बिलिंग. लेव्हीची, म्हणजे योजनेसाठी उत्पन्नावर लावायच्या खास कराची विधेयकं मात्र अडकलेलीच राहिली, त्यामुळे योजना सर्वसाधारण तिजोरीतून चालवावी लागली.

चार महिन्यांनी व्हिटलम बडतर्फ झाले. माल्कम फ्रेझर मेडिबँक राखण्याचं आश्वासन देऊन निवडून आले आणि मग तिचा एकेक चिरा काढत गेले. जुलै १९७६ मध्ये मेडिबँकसाठी देशव्यापी संप झाला, तरी १९८१ पर्यंत गाडी पुन्हा पेज यांच्या स्टेशनावर आली: विमा असेल तर परतावा. १९८३ मध्ये बॉब हॉक आले आणि आरोग्यमंत्री नील ब्ल्यूएट यांनी तीच योजना नाव बदलून परत आणली. १ फेब्रुवारी १९८४ला मेडिकेअर सुरू झाली, सोबत करपात्र उत्पन्नावर एक टक्का लेव्ही. ती आता दोन टक्के आहे.

इथपर्यंतची गोष्ट तिथे शाळेतली मुलंही सांगतील. खरी गंमत नंतर आहे, कारण मेडिकेअर मोडणं राजकीय आत्महत्या ठरल्यावर सगळी झुंज परताव्याच्या रकमेवर येऊन ठेपली.

उघड शुल्क लावायचे प्रयत्न दोन्ही पक्षांनी करून पाहिले. १९९१ मध्ये हॉक सरकारनेच बल्क बिलिंगमधला परतावा अडीच डॉलरने कापला. पॉल कीटिंग पंतप्रधान झाल्यावर काही महिन्यांत तो निर्णय मागे घेतला गेला. २०१४च्या बजेटमध्ये टोनी ॲबट सरकारने जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जाण्यासाठी सात डॉलर लावायचं जाहीर केलं, आणि २०१५ मध्ये तेही गुंडाळलं. पण शुल्क न लावता तेच साधता येतं: परतावा वाढवायचाच नाही. २०१३ मध्ये लेबरने काही महिन्यांची बचत म्हणून महागाईनुसारची वाढ थांबवली आणि नंतरच्या सरकारने ते कुलूप वर्षानुवर्षं तसंच ठेवलं. जीपीच्या नेहमीच्या तपासणीचा, म्हणजे ‘आयटम २३’चा परतावा जुलै २०१४ पासून चार वर्षं ३७.०५ डॉलरवर अडून बसला. भाडं वाढलं, नर्सचा पगार वाढला, परतावा तोच. सुरुवातीला डॉक्टरांनी कळ काढली, मग एकेका दवाखान्याने बल्क बिलिंग बंद केलं.

त्यात एक बारीक नियम आहे. बल्क बिलिंग केलं तर त्या सेवेसाठी रुग्णाकडून वर एक डॉलरही घेता येत नाही. घ्यायचा असेल तर पूर्ण बिल रुग्णाकडून आणि परतावा रुग्णाला. म्हणजे परतावा ४२.८५ डॉलर असताना (तो जुलै २०२४चा दर) डॉक्टरांनी समजा ९० डॉलर लावले, तर रिसेप्शनवर आधी कार्डावरून पूर्ण ९० जातात आणि ४२.८५ मागाहून खात्यात येतात. गॅप ४७.१५चा, पण त्या दिवशी खात्यात ९० लागतात. महिनाअखेर असेल तर हा फरक फार मोठा.

परतावा गोठवण्याच्या उलट चूक २००४ मध्ये झाली होती. हॉवर्ड सरकारने ‘विस्तारित सेफ्टी नेट’ आणलं: इस्पितळाबाहेरच्या उपचारांत वर्षभरातला गॅप ठरावीक रकमेपलीकडे गेला, की पुढच्या गॅपचे ८० टक्के सरकार देणार, वर मर्यादा नाही. कागदावर ही रुग्णाची सुटका. पण ती ठरावीक रक्कम ओलांडलेल्या रुग्णाची फी डॉक्टरांनी शंभर डॉलरने वाढवली, तर रुग्णाला झळ वीसच डॉलरची. प्रसूतितज्ज्ञ आणि आयव्हीएफ यांच्या फीला पाय फुटले. गरोदरपणाच्या ‘नियोजन व व्यवस्थापना’च्या एकाच आयटमवर भलीमोठी फी लावली जाऊ लागली, कारण ती इस्पितळाबाहेर गणली जायची आणि सेफ्टी नेटमध्ये बसायची. २००९च्या स्वतंत्र आढाव्यात आढळलं, की या पैशाचा मोठा वाटा रुग्णाऐवजी वाढलेल्या फीमध्ये जिरला. जानेवारी २०१० पासून अशा आयटमवर कमाल मर्यादा आल्या. माझ्या मते आपल्या खिशातला खर्च कमी करणाऱ्या कुठल्याही सरकारी योजनेबद्दल बोलण्याआधी हे प्रकरण वाचायला हवं. परतावा वाढवणं सोपं, तो कोणाकडे थांबतो हे ठरवणं अवघड.

खासगी विम्याच्या हप्त्यावरची सूट ही याच काळातली दुसरी शाखा. १९९९ पासून हप्त्याच्या ३० टक्के सरकार देऊ लागलं, २०१२ पासून उत्पन्न जास्त तसं ते कमी. १९५३च्या करवजावटीचं हे दुरून दिसणारं नातवंड.

२०१३च्या कुलपानंतर सरकार पैसे नेमके बल्क बिलिंगलाच जोडू लागलं, कारण तिथे फी वाढवायला जागाच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुलं आणि कन्सेशन कार्डधारक (पेन्शनर, कमी उत्पन्नाचे लोक वगैरे) यांच्यासाठीचा बल्क बिलिंगचा प्रोत्साहन भत्ता तिप्पट झाला. २०२५च्या निवडणुकीत पंतप्रधान अल्बानीज हिरवं मेडिकेअर कार्ड हातात घेऊन प्रचार करत फिरले, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून तो भत्ता मेडिकेअरला पात्र असलेल्या सगळ्यांसाठी लागू झाला. २०३० पर्यंत जीपीकडच्या दहापैकी नऊ भेटी बल्क बिलिंगच्या व्हाव्यात, असं लक्ष्य आहे. जो दवाखाना पात्र सेवांसाठी प्रत्येक रुग्णाला बल्क बिल करेल, त्याला परताव्याच्या वर १२.५ टक्के जादा. स्पेशालिस्ट यात नाहीत, त्यांचा गॅप जसाच्या तसा. आणि जीपींनाही सामील व्हायची सक्ती नाही. १९४६चं ते शेपूट अजून घटनेत आहे.