ऑइल प्रेशरचा काटा बसवताय? आधी एवढं वाचा

इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर इकडची आमची बरीच गिऱ्हाइकं वर्षातून दोन-तीनदा तरी स्वतःची गाडी काढून नाशिक-पुण्याकडे जातात. परत आली की काउंटरवर ठरलेला प्रश्न येतो: "सेंधव्याच्या पुढे घाटात ऑइलची लाइट जराशी लुकलुकली. काळजीचं काही नाही ना?" काळजीचं आहे. दर वेळी उभ्या-उभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावं, म्हणून हे पत्रक. हिंदी पत्रकही काउंटरवर आहे, पण ते निम्मंच आहे.

लाल लाइट उशिरा बोलते

डॅशबोर्डवर तेलाच्या झारीसारखी जी लाल खूण असते, ती दाब मोजत नाही. इंजिनच्या ब्लॉकला अंगठ्याएवढा एक स्विच असतो. ऑइलचा दाब साधारण ४ ते ७ पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक, टायरच्या हवेसारखंच) खाली गेला, की तो लाइट पेटवतो. त्याला एवढंच काम येतं. गरम इंजिन हायवेवर धावत असताना कितीतरी गाड्यांत दाब ४० ते ५५ पीएसआय असतो. तो घसरत २० वर आला तरी लाइट ढिम्म. ती पेटते तेव्हा बेअरिंगचा निकाल बहुतेक लागलेला असतो.

दाबाला एवढं महत्त्व का? क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याचं बेअरिंग यांच्यामधली फट कागदाच्या जाडीहूनही कमी असते. त्या फटीत पंप ऑइल ढकलत राहतो आणि क्रँक त्या ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो, धातूला धातू लागत नाही. बेअरिंग झिजलं की फट वाढते, ऑइल सहज निसटतं आणि दाब उतरतो. ऑइल कमी पडलं, त्यात डिझेल किंवा पेट्रोल उतरून ते पातळ झालं, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला, तरी हेच. आपल्याकडचं आणखी एक कारण म्हणजे स्पीडब्रेकर. चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी, खालून ठोकलं जातं, पत्रा आत दबतो आणि ऑइल ओढणाऱ्या जाळीला टेकतो. बाहेरून थेंबभरही गळत नाही, मालक निश्चिंत असतो आणि पंप उपाशी.

जुन्या जीपांच्या डॅशबोर्डवर दाबाचा आकडा दाखवणारा हा काटा कंपनीतूनच असायचा. मग लाइटी आल्या, स्वस्त पडल्या, आणि काटा गेला.

सगळ्यांना हवाच असं नाही

तुमची गाडी बीएस-६ आहे, वॉरंटीत आहे आणि सर्व्हिस वेळेवर होते, तर आम्ही स्वतःहून काटा सुचवत नाही. वायरिंगला हात लावला, की वॉरंटीवरून वाद होतो. शिवाय नव्या काही इंजिनांत पंपाचा दाब कॉम्प्युटर गरजेप्रमाणे वर-खाली करतो. मालक उगाच काट्याकडे बघून घाबरतो. इंजिन उघडून बांधलं असेल, गाडी लाखाच्या वर चालली असेल, टर्बो डिझेल असून सामान भरून लांब पळत असेल किंवा घरात जुनी जीप, कॉन्टेसा, पद्मिनी हौसेने सांभाळली असेल, तर मात्र काटा जरूर बसवा. "ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावला की दिसेल ना दाब?" असंही विचारतात. बहुतेक लहान गाड्यांत तिथे फक्त स्विचच आहे. जे मोजलंच जात नाही, ते स्कॅनर कुठून दाखवणार!

मेकॅनिकल की इलेक्ट्रिक

मेकॅनिकल काट्यात इंजिनमधलं ऑइल बारीक नळीने थेट डॅशबोर्डपर्यंत येतं. काटा अचूक, वायरींची भानगड नाही, किंमत कमी. पण प्लॅस्टिकची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला टेकून वितळली किंवा तांब्याची थरथरून तडकली, तर गरम ऑइल तुमच्या पायावर. घरच्या गाडीत आम्ही हा प्रकार बसवत नाही. उघड्या जीपला कुणी हट्टच धरला तर तांब्याच्या नळीला इंजिनजवळ दोन वेटोळे देतो, म्हणजे थरथर त्यांत जिरते.

इलेक्ट्रिकमध्ये ऑइल इंजिनपाशीच राहतं. तिथला सेंडर दाबाप्रमाणे आपला रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) बदलतो आणि आत फक्त वायर येते. सेंडर आणि काटा मात्र एकाच जातीचे हवेत. बाजारात दोन जाती जास्त दिसतात. एकीत शून्य दाबाला १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० च्या आसपास. दुसरीत शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३. एकीचा काटा दुसरीच्या सेंडरला जोडला, की बंद गाडीत काटा शेवटाला आणि रेस दिली की खाली! ऑनलाइन सुटे-सुटे मागवून आणलेले असे दोन-तीन जोड आमच्या खणात पडून आहेत.

आट्यांचा घोळ

खरी मेहनत इथे आहे. मूळ स्विच काढून तिथे जोड बसवायचा, तर आटे जुळले पाहिजेत. आट्यांची मापं वेगवेगळी असतात. जपानी वंशाच्या इंजिनांत बहुधा १/८ इंची बीएसपीटी मापाचे असतात, म्हणजे इंचाला २८ आटे. अमेरिकी सामान १/८ एनपीटीचं, इंचाला २७. जर्मन गाड्यांत बरेचदा एम १० बाय १, म्हणजे १० मिलिमीटर व्यास आणि आट्यांत १ मिलिमीटर अंतर. २७ चा जोड २८ च्या भोकात दोन-अडीच फेरे गोडीगुलाबीने जातो आणि मग अडतो. पाना मोठा घेऊन त्याला पुढे रेटलं, की ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचे आटे गेलेच. आमचे कारागीर "चूडी मर गई" म्हणतात, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा बघवत नाही. म्हणून आम्ही गेज लावून आटे मोजतो आणि योग्य ॲडॉप्टर नसेल तर गाडी त्या दिवशी परत पाठवतो. पीथमपूरला कारखान्यात काम करणारं एक गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं ते स्वतःचा थ्रेड गेज खिशात घेऊनच. आम्हाला आवडलं.

टेफ्लॉन टेपचा आग्रह धरू नका. बऱ्याच सेंडरांना अर्थ (विजेची अर्थिंग) आट्यांतूनच मिळतो. टेप जाड गुंडाळली, की अर्थ तुटतो आणि काटा नाचतो. टेपचा तुकडा सुटून ऑइलच्या वाटेत गेला तर आणखी वाईट. पहिला आटा कोरडा ठेवून पुढे पातळ सीलंट लावलं की पुरतं.

आमच्याच हातून झालेली एक चूक सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत आम्ही ब्लॉकला पितळी टी (इंग्रजी टी आकाराचा जोड) लावून त्यावर सेंडर थेट बसवायचो. हा सेंडर चांगला डबीएवढा, वजनदार. एका गिऱ्हाइकाच्या डिझेल गाडीत थरथरून ती टी मानेतच तुटली, तीही धुळ्याच्या अलीकडे, रात्री. काटा पडलेला पाहून त्यांनी लगेच इंजिन बंद केलं म्हणून इंजिन वाचलं. टोइंगचे पैसे आम्ही दिले. तेव्हापासून ब्लॉकवर फक्त छोटा जोड बसवतो. तिथून जाळीदार होज काढून टी आणि सेंडर बॉडीच्या पत्र्यावर ब्रॅकेटने आवळतो. सेंडरला स्वतंत्र अर्थ वायर देतो. मूळ स्विचही त्याच टीवर राहतो, म्हणजे तुमची लाल लाइट पूर्वीसारखीच चालू. ती काढून टाका असं कुणी सांगितलं, तर ऐकू नका.

वायरिंगचं काम साधं आहे. चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या लाइनवरून ३ अँपिअरच्या फ्यूजमधून सप्लाय, एक अर्थ, एक सेंडरची वायर आणि काट्यातल्या दिव्यासाठी पार्किंग लाइटची लाइन. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. नुसत्या पत्र्याच्या कडेवर वायर सहा महिन्यांत सोलते.

काटा वाचायचा कसा

काट्यावर पीएसआय, बार किंवा किलो असं काहीही असू शकतं. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) म्हणजे १४.२. घरच्या वापरात बार आणि किलो सारखेच धरा.

सकाळी थंड इंजिन चालू केलं, की काटा ६०-७० वर उडी मारतो. ऑइल घट्ट असतं म्हणून. इंजिन तापलं, की आयडलला (रेस न देता नुसतं चालू असताना) तो १५-२० वर येतो. मे महिन्यात पलासियाच्या सिग्नलला एसी लावून उभे असाल तर त्याहूनही थोडा खाली. यात घाबरण्यासारखं काही नाही. दर हजार आरपीएमला (इंजिनचे मिनिटाचे फेरे) १० पीएसआय असा जुन्या मिस्त्रींचा हिशेब आहे. जुन्या इंजिनांना तो ठीक लागतो, पातळ ऑइलवरच्या नव्यांना नाही. तुमच्या गाडीचा खरा आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

त्याहून उपयोगाचं म्हणजे गाडीची सवय ओळखणं. पहिले पंधरा दिवस थंड, गरम आयडल आणि ८० च्या वेगाला असे तीन आकडे लिहून ठेवा. शेजारच्या गाडीत २५ दिसतं आणि आपल्यात १८, यावरून झोप उडवू नका. आपल्या १८ चे तीन महिन्यांत १० झाले, तर या. ऑइल बदलल्यावर लगेच आकडा पडला, तर ग्रेड चुकला असेल. वळणावर किंवा घाटाच्या उतारावर काटा क्षणभर खाली जाऊन परत येत असेल, तर चेंबरमध्ये ऑइल कमी आहे आणि पंप हवा ओढतोय. सपाट जागी थांबा, दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा.

काटा एकदम शून्यावर गेला पण लाइट पेटली नाही आणि इंजिनचा आवाजही नेहमीसारखाच, तर बहुधा वायर सुटली असेल. तरी बाजूला थांबून ऑइल तपासाच. काटा शून्य आणि लाइटही लाल झाली, तर बाजूला घ्या आणि तिथेच चावी बंद करा. "समोरच्या ढाब्यापर्यंत नेऊ" हे तीन मिनिटांचं धाडस क्रँकला पुरेसं होतं.

बसवायला येताना

गाडी सकाळी लवकर आणा आणि थंड होईपर्यंत सोडून जा. तापलेल्या इंजिनवर आम्ही हा स्विच उघडत नाही. अर्धा दिवस लागतो. खर्च आटे आणि जागा पाहून आधी लिहून देतो. काटा तुम्ही आणलेला असेल तर त्याचा सेंडर आणि कागद दोन्ही आणा. काम झाल्यावर इंजिन तुमच्यासमोर चालू करतो, थंड आणि पूर्ण गरम असं दोनदा गळती बघतो. आठ-दहा दिवसांनी किंवा ५०० किलोमीटरनंतर एकदा दाखवून जा, त्याचे पैसे नाहीत. गणपतीच्या आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मात्र हे काम घेत नाही, तेव्हा अर्धं इंदूर गावी निघालेलं असतं.