साथरोग कायदा आणि खासगी डॉक्टर (इंदूर)

साथीच्या काळात सरकार तातडीचे कायदे लावते. अशा वेळी स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर कोणाच्या हुकमाखाली येतो, आणि त्याचे बरेवाईट झाले तर जबाबदारी कोणाची, हा या नोंदीचा विषय आहे.

इंग्लंडमध्ये वस्तीतल्या डॉक्टरचा राष्ट्रीय आरोग्य सेवेशी लेखी करार असतो. मार्च 2020 मध्ये तिथे कोरोनाव्हायरस कायदा आला, त्याच सुमारास या करारांचे नियमही बदलले. आपल्याकडे फॅमिली डॉक्टरचा करार असलाच तर पेशंटशी, तोही तोंडी. बदलायला कागदच नसल्याने हुकूम काढावा लागतो.

त्या हुकमाचे मूळ मुंबईच्या प्लेगमध्ये आहे. 4 फेब्रुवारी 1897 चा साथरोग कायदा अवघ्या चार कलमांचा. तो ब्रिटिश मुलखाचा, होळकरांचे इंदूर त्याबाहेर. इंदूरने प्लेगवर काढलेली एक तोड आजही सांगण्यासारखी आहे. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी दिवाळीत मिरवणूक काढली आणि ज्या गल्ल्या स्वच्छ असतील तिथूनच ती जाईल असे आधी जाहीर केले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिमा होती. मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून लोक घरे-अंगणे झाडायला लागले. दंडाची भीती न घालता झालेले हे काम आहे, म्हणून त्याचे मोल मोठे.

स्वातंत्र्यानंतर इंदूर मध्य भारतात, म्हणजे ‘ब’ वर्गातील (बहुतेक जुन्या संस्थानांच्या) राज्यात गेले. केंद्रीय कायद्याच्या पहिल्या कलमात ‘ब’ राज्यांचा प्रदेश वगळलेला होता. ते शब्द 2020 च्या दुरुस्तीत गळाले.

ती दुरुस्ती होण्याआधीचे दिवस इंदूर विसरणार नाही. 1 एप्रिल 2020 ला शहरातल्या टाटपट्टी बाखल वस्तीत कोविड तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली, दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या. 8 एप्रिलला मध्य प्रदेश सरकारने राज्यात एस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांमध्ये काम नाकारण्यास मनाई करणारा कायदा, लावला. खासगी आरोग्यसेवाही त्यात आल्या, म्हणजे काम नाकारण्याची वाट बंद झाली. दुसऱ्याच दिवशी शहरातल्या एका खासगी जनरल फिजिशियनचा कोविडने मृत्यू झाला.

साथरोग कायद्यात ही दुरुस्ती करणाऱ्या 22 एप्रिलच्या केंद्रीय अध्यादेशाने आरोग्यसेवकांवरचा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. शिक्षा तीन महिने ते पाच वर्षे, गंभीर इजा असल्यास सहा महिने ते सात वर्षे. दवाखान्याची मोडतोड केली तर बाजारभावाच्या दुप्पट भरपाई. सप्टेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. खासगी डॉक्टरलाही हे संरक्षण मिळाले, ही त्यातली खरी चांगली गोष्ट.

विम्याचे मात्र तसे झाले नाही. कोविडशी लढणाऱ्या आरोग्यसेवकांसाठीच्या केंद्राच्या 50 लाखांच्या विमा योजनेत खासगी डॉक्टर बसत होता तो सरकारने त्याची सेवा ‘अधिग्रहित’ केली, म्हणजे कामासाठी आपल्याकडे मागून घेतली असेल तरच. नवी मुंबईत महापालिकेने दवाखाना उघडा ठेवा, नाहीतर गुन्हा दाखल करू, अशी नोटीस दिलेले एक डॉक्टर जून 2020 मध्ये कोविडने वारले. पत्नीचा दावा नाकारला गेला आणि मार्च 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही नोटीस म्हणजे अधिग्रहण नव्हे असे म्हटले. बंद ठेवला तर गुन्हा आणि उघडा ठेवला तर स्वतःच्या जबाबदारीवर, हा न्याय त्या घराला कसा पटावा? डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सेवा अधिग्रहित झाल्या होत्याच असे मानले. प्रत्येक दावा मात्र पुराव्यावर ठरायचा आहे, आणि गल्लीतल्या दवाखान्यात पुरावा म्हणजे बहुधा हाताने लिहिलेली पेशंटांची वही.